जुना रंधा फुकट चकचकीत करून देतो म्हणणाऱ्या, जुनी हत्यारं जमवणाऱ्या ‘कलेक्टर’पासून सांभाळा

ज्यांच्या घरात वडिलांची, आजोबांची सुतारकामाची जुनी हत्यारं आहेत त्यांनी हे जरा पूर्ण वाचा, कारण सांगली, कराड, सातारा या पट्ट्यात एक गृहस्थ फिरतायत आणि आमच्याकडं जे केलं तेच ते दुसरीकडं करणार याबद्दल मला शंका नाही. नाव लिहीत नाही, तक्रार दिलेली आहे.

आमचे अण्णा उमेदीच्या काळात मुंबईत फर्निचरच्या कारखान्यात होते. तेव्हा चोर बाजारात मटण स्ट्रीटला जुनी विलायती, अमेरिकन हत्यारं ढिगानं मिळायची, त्यातून त्यांनी स्वतःच्या पगारातून एकेक घेतलेलं. मेन दोन, एक स्टॅनलेचा पाच नंबरचा रंधा, १४ इंची, आणि दुसरा त्याच कंपनीचा फोर्टी-फाइव्ह, ज्याला पाती बदलली की खाच पडते, रिबेट (कडेला पायरी) पडतो, पट्टीला गोलाही निघतो. आता वर्कशॉपमध्ये प्लेनर मशीन आहे, राउटर आहे, पण सागवानी दाराची कड शेवटी हातानंच मारावी लागते आणि तिथं तो पाच नंबरच लागायचा. म्हणजे ही शोकेसची वस्तू नव्हती, रोजच्या कामातली होती, हे लक्षात ठेवा.

गृहस्थ आले ते कुणाची तरी ओळख सांगून. पन्नाशीचे, बोलणं मधाळ, अण्णांच्या पाया पडले. रंधा हातात घेतला, फ्रॉग काढला (ज्याच्यावर पातं टेकतं तो भाग) आणि खाली बिडात (ओतीव लोखंडात) ओतलेल्या तारखा दाखवल्या, मार्च २५ ०२, ऑगस्ट १९ ०२, एप्रिल १९ १०. म्हणाले ही १९०२ आणि १९१० ची पेटंटं, म्हणजे हा टाइप ११, साधारण १९१० ते १९१८ मधला, अमेरिकेत न्यू ब्रिटन गावात बनलेला. आम्ही तर बघतच राहिलो, एवढी वर्षं घरात आहे आणि तारखा कधी वाचल्याच नव्हत्या, कोण वाचतो. आणि माहिती शंभर टक्के खरी होती, ती मी नंतर तपासली. हा ‘टाइप’ पण कंपनीचा शब्द नाही बरं का, नंतरच्या संग्रह करणाऱ्या लोकांनी बारीकसारीक फरक बघून पाडलेली वर्गवारी आहे, आणि ते काम त्यांनी मनापासून केलंय, त्याबद्दल आदरच आहे.

मग म्हणाले, “अण्णा, मला विकत नको, पैशाचा विषयच नाही. गंज काढून, पॉलिश करून आणून देतो, फोटो काढतो, म्युझियमसाठी नोंद करायचीय.” फोर्टी-फाइव्ह पण पेटीसकट नेला. पावती नाही, काही नाही, घरच्यासारखा माणूस म्हणल्यावर पावती मागायला जीभ रेटत नाही आणि त्याचा सगळा धंदा त्या संकोचावरच आहे.

परत आणला तेव्हा रंधा आरशासारखा. तळापासून वरपर्यंत निकेल केलेला, आत काळं जपान (लाखेसारखा चकचकीत काळा लेप), मुठी गडद तांबूस. वर प्लेटिंगवाल्याचे म्हणून अठराशे रुपये घेऊन गेले! फुकट म्हणाले होते ते राहिलंच.

दुसऱ्या दिवशी दाराच्या कडेवर धरला तर थडथडायला लागला. पातं जास्त निघालंय म्हणून आत घेतलं, तरी तेच. ढलपी तोंडातच, म्हणजे तळाला पातं बाहेर येतं त्या फटीत, अडकायची. म्हणून धार बघायला पातं बाहेर काढलं आणि तिथंच गडबड कळली. अण्णांनी तीस वर्षं ऑईलस्टोनवर घासून घासून ते पातं आखूड करून ठेवलं होतं, पात्यातल्या खाचेच्या खाली दीड बोटसुद्धा उरलं नव्हतं, आणि हातात होतं ते चांगलं लांबलचक. पातं काय वाढतं का?

मग एकेक बघायला लागलो. पातं दाबून धरणारी वरची जी टोपी असते तिच्या स्क्रूचं भोक मूत्रपिंडाच्या आकाराचं होतं, ते स्टॅनलेनं १९३३ च्या आसपास सुरू केलं, १९१० च्या रंध्याला कुठून येईल. पुढची मूठ उंच, टाइप ११ ची बुटकी असते, आमची बुटकीच होती. मुठींचं लाकूड मूळचं रोझवूड नाहीच, कुठलं तरी रंगवलेलं, घामानं तळहात लाल. काम करता करता तळाचं निकेल थोडं झिजलं तसं तोंडाच्या बाजूला एक पिवळी रेघ दिसायला लागली. रेघ म्हणजे पितळ. बिडाला साधं वेल्डिंग नीट धरत नाही म्हणून तडा गेला की पितळेनं ब्रेझिंग करतात. म्हणजे आमचा धडधाकट रंधा ठेवून घेतला आणि त्याच तारखा असलेला, तोंडाशी फुटलेला, कुठूनतरी पडीक भावात आणलेला सांगाडा बाकीचे मिळेल ते भाग लावून आम्हाला दिला. निकेल शोभेसाठी नव्हतंच, रेघ झाकायला होतं.

फोर्टी-फाइव्हची पेटी उघडली तर पाती कमी, दोन-तीन तर पत्रा कापून केलेली, धारच धरेनात. आडव्या रेषेत खाच मारताना लाकूड फाटू नये म्हणून बाजूला छोटे स्पर असतात तेही गायब, खोलीचा स्टॉप गायब.

फोन केला तर, “तुम्ही दिलं तसंच आहे, उलट मीच खर्च केला.” नंतर ब्लॉक. पुढं एका ओळखीच्यानं विक्रीला लावलेला फोटो पाठवला, ‘टाइप ११, सर्व भाग ओरिजिनल’, आणि मागच्या मुठीच्या शेंड्याला अण्णांनी स्वतः बसवलेला शिसवाचा तुकडा स्पष्ट दिसत होता, फक्त पातं दुसरं, पूर्ण लांबीचं. म्हणजे घेणाऱ्यालाही तो ‘ओरिजिनल’ म्हणून जोडकामच विकत होता.

माझं मत विचाराल तर हा धंदा चालतो कारण जो रंधा वापरतो त्याला तारखा वाचता येत नाहीत आणि ज्याला तारखा वाचता येतात तो बहुतेक वेळा लाकडाला लावून बघत नाही, कपाटात ठेवतो. दोघांच्या मधे हा बसलाय. घेणाऱ्यानं घेताना नुसती एक ढलपी काढून बघितली असती तरी निम्मी फसवणूक तिथंच उघडी पडली असती, पण जुन्या वस्तूला धार लावली की किंमत उतरते असं या लोकांच्या डोक्यात असतं. असो, ज्याचा त्याचा शौक.

पोलीस ठाण्यात आधी हसले. “रंधा? नवीन घ्या की हो.” मग अशा जुन्या रंध्याचा भाव, विक्रीचा फोटो, फोनवरचे मेसेज दाखवल्यावर अर्ज घेतला. आता ४२० नाही, १ जुलै २०२४ पासून नवीन भारतीय न्याय संहिता आहे, फसवणूक ३१८ आणि विश्वासानं दिलेली वस्तू हडपली तर ३१६, ही कलमं अर्जात लिहा, नाहीतर हरवलंय म्हणून नोंद करून मोकळे होतात.

तुमच्याकडं कुणी आलं तर वस्तू घराबाहेर देऊच नका, नोंदच करायची असेल तर इथं बसून फोटो काढा म्हणावं. द्यायचीच झाली तर आधी सगळे भाग सुटे करून फोटो, पात्याची लांबी पट्टी ठेवून, तळ, तोंड, फ्रॉगच्या खालची बाजू, आणि पावतीवर सही. आणि बिडावर आतून नाव कोरून ठेवा. पूर्वीचे इंग्रज कारागीरसुद्धा हत्यारांवर नाव ठोकायचे. कलेक्टर नाक मुरडतील, मुरडू देत. परत आलेल्या हत्याराला नवं निकेल दिसलं तर तळ कानसेनं कोपऱ्यात जरासा खरवडून बघा, माणूस समोर असतानाच.

अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, चालतो का? नाही म्हणल्यावर म्हणाले, मग प्लायच्या कडा मारायला ठेव, चांगल्या कामाला घेऊ नकोस. तसाच ठेवलाय. फोर्टी-फाइव्हची पाव इंची आणि अर्धा इंची पाती, स्पर आणि स्टॉप सुटे कुणाकडं असतील तर वाजवी भावात घेईन, पण आधी सागावर चालवून बघणार आणि मगच पैसे.