कुलूप दाराला, खिडकी सताड: राजारामपुरीतल्या वेबसाइट तपासणीचा अनुभव

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात आमची गुळाची अडत. शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाचे हिशेब, अन् व्यापाऱ्यांची उधारी बघायला वेबसाइट आहे. तिच्यात कुणी चोरून घुसू शकतं का, हे राजारामपुरीतल्या दोन पोरांकडून तपासून घेतलं.

पोरं आधी लेखी परवानगी घेतल्याशिवाय हात लावेनात, हे आवडलं. मग एकजण म्हणाला, "काका, पासवर्ड न टाकता तुमची उधारीची वही उघडू?" अन् उघडली की! पोटात गोळाच आला.

साइट नेक्स्ट जेएसवर, म्हणजे वेबसाइट बांधायच्या एका तयार सांगाड्यावर. आलेल्यानं लॉगिन केलंय का, हे बघणारा राखणदार म्हणजे मिडलवेअर. तीच विनंती गोल गोल फिरत राहू नये म्हणून नेक्स्ट स्वतःपुरतं एक हेडर, म्हणजे विनंतीला जोडलेली चिठ्ठी, वापरतं, एक्स-मिडलवेअर-सबरिक्वेस्ट. ते बाहेरच्यानं ठरावीक मजकूर घालून पाठवलं, की राखणदार उठतच नाही. मार्च २०२५ मध्ये जाहीर झालेली ही त्रुटी; त्रुटींच्या जागतिक यादीत तिचा नंबर सीव्हीई-२०२५-२९९२७. गांभीर्य १० पैकी ९.१. दुरुस्ती नेक्स्टच्या १४.२.२५ अन् १५.२.३ या आवृत्त्यांमध्ये आली, पण आमच्या जुन्या डेव्हलपरनं अपडेट केलंच नव्हतं. वर्षाचे देखभालीचे पैसे मात्र वेळेवर नेले.

पोरांनी नवी आवृत्ती घातली. शिवाय पट्टी दाखवण्याआधी, मागणारा तिचाच मालक आहे का, हे सर्व्हरवर वेगळं तपासायला लावलं. एकट्या राखणदारावर विसंबायचं नाही म्हणे.

तक्रार एकच. शनिवारी देतो म्हणून रिपोर्ट मंगळवारी दिला, तोही सगळा इंग्रजीत. मराठीत एक पान मागून घेतलं. काम मात्र नाद खुळा. पाचपैकी चार.