खजुरी बाजारातील सुट्या सामानाचे दुकान आणि बावीस मुलांच्या दिवाळी भेटी

आमच्या कॉलनीतील रविवारच्या मराठी वर्गात सात ते दहा वर्षांची बावीस मुले येतात. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी आजी-आजोबांना आणि भाऊबीजेला भावंडांना स्वतःच्या हातची काही वस्तू द्यावी, असे यंदा ठरले. नमुन्यादाखल मी आधी एका मोठ्या दुकानातून पणती रंगवण्याचा तयार संच २४९ रुपयांना आणला. त्यात दोन पणत्या, बोटभर रंगाच्या चार डब्या, केस गळणारा एक ब्रश आणि चिकटवायच्या टिकल्या एवढेच निघाले. शेजारच्या काकूंच्या नातीने तो पंधरा मिनिटांत संपवला आणि ‘आता काय करू?’ म्हणून ती माझ्याकडे बघत बसली. तेव्हा सरळ इंदूरच्या राजवाड्याजवळचा खजुरी बाजार गाठला.

पुस्तके आणि स्टेशनरी यांसाठी इंदूरकरांना हा बाजार नवा नाही. मी ज्या दुकानात गेले ते जेमतेम आठ फूट रुंदीचे आहे, परंतु आत छतापर्यंत कागदाचे गठ्ठे रचलेले आहेत, आणि त्याची खरी सोय अशी की तिथे कागद एक-एक ताव, लेस मीटरवर आणि रंगाची एकच बाटलीसुद्धा मिळते. आठ ॲक्रिलिक रंग, अकरा ब्रश, पंचवीस कागद, लेस आणि गोंद यांचे ५५० रुपये झाले. फुटपाथवरून घेतलेल्या पन्नास पणत्यांचे १५० धरले, तर मुलामागे सुमारे बत्तीस रुपये पडले.

गल्ल्यावरच्या काकांचा एक सल्ला मात्र लाखमोलाचा ठरला. भाजलेली माती रंग पिऊन टाकते, त्यामुळे पहिला हात कितीही जाड दिला तरी तो फिका दिसतो. म्हणून पाणी घातलेल्या गोंदात थोडा पांढरा रंग कालवून त्याचा एक हात आधी द्यावा आणि तो पूर्ण वाळल्यावरच रंगवायला घ्यावे, असे त्यांनी सांगितले. आम्ही तसे केले आणि पिवळा रंगसुद्धा पिवळाच दिसला. माझी भर एवढीच, की वात जिथे टेकते ती पणतीची चोच आणि आतली बाजू मुलांना कोरी ठेवायला लावली. वाळलेला ॲक्रिलिक रंग म्हणजे प्लॅस्टिकच. ज्योतीजवळ तो जळतो आणि घरभर वास सुटतो. शिवाय आत रंग नसल्यामुळे लावण्याआधी पणतीत तासभर पाणी भरून ठेवता येते आणि मग ती तेल कमी पिते.

कागदाच्या बाबतीत मात्र त्याच दुकानाने मला फसवले असे नाही, पण अडकवले जरूर. ओवाळणीच्या पाकिटासाठी हवा आहे असे स्पष्ट सांगूनही त्यांनी ३०० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जाड, गुळगुळीत आयव्हरी कागद हातात दिला. तो शुभेच्छापत्राला उत्तम असतो, परंतु घडी घालताना पांढऱ्या भेगा पडल्या आणि एका मुलीच्या डोळ्यांत पाणी आले. दुसऱ्या दिवशी १२० जीएसएमचा रंगीत कागद त्यांनी बदलून दिला खरा, पण वापरलेल्या चार तावांचे पैसे गेले. सोनेरी रंगाची बाटली तळाशी घट्ट झालेली निघाली. ती मात्र ‘उघडलेला माल परत घेत नाही’ म्हणून माझ्याच गळ्यात राहिली.

नव्या कागदाने काम फार नीट झाले. ए-४ कागदाची रुंदी २१ सेंटिमीटर असते, म्हणून त्यातून तेवढ्याच बाजूचा चौकोन कापला, तो तिरका ठेवून चारही टोके आत दुमडली आणि १६ बाय १० सेंटिमीटरचे पाकीट तयार केले. पाचशेची नोट १५ सेंटिमीटर लांब असल्यामुळे ती न दुमडता आत जाते, ही गोष्ट मुलांनी पट्टीने दोन-दोनदा मोजून पाहिली. उरलेली पावणेनऊ सेंटिमीटरची पट्टी मी टाकून देणार होते, पण एका मुलाने ती उभी कापून दोन बुकमार्क केले, वर भोक पाडून लेसचा तुकडा ओवला आणि एक आजोबांच्या पोथीसाठी बाजूला ठेवला.

दुकानात बसायला जागा नाही, समोर गाडी लावण्याचा विचारही करू नये आणि दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात तर काउंटरपर्यंत पोचायलाच पंधरा मिनिटे लागतात. सकाळी दुकान उघडताच गेल्यास ‘भिया (इंदुरी बोलीत भाऊ), जरा दाखवा’ म्हणून प्रत्येक ताव दुमडून बघता येतो आणि दुकानदार कंटाळत नाहीत. कागद आणि लेस मी पुढच्या वर्षीही तिथूनच घेईन. रंगाची प्रत्येक बाटली मात्र पैसे देण्याआधी तिथेच उघडून, काडीने ढवळून बघेन.