अकरा इंची लॅपटॉप आणि हलशीचा हललेला वराह

दोन वर्षांमागं दिवाळीत हा लॅपटॉप घरी आणला. भाच्यानं खोका उघडला, लॅपटॉपवरचं स्टिकर वाचलं आणि माझ्याकडं बघितलं. "आत्या, सेलेरॉन? चार जीबी? यापेक्षा पाटी घ्यायचीस की!" तो बेळगावात इंजिनिअरिंगला आहे, त्यामुळं त्याला बोलायचा हक्क आहे. पण पैसे माझे होते, साडेएकवीस हजार, आणि मला काय पाहिजे ते मला नेमकं ठाऊक होतं.

मी खानापूर तालुक्यातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवते. रविवार आणि सुट्ट्या स्कूटरवर जातात, गळ्यात कॅमेरा. हलशी, देगावचं कमलनारायणाचं देऊळ, गोकाकचा धबधबा, सौंदत्तीची यात्रा, पाऊस लागला की कणकुंबी. कधी एक मुक्काम, कधी दोन. काढलेले फोटो त्याच रात्री मुक्कामावर तपासता येतील, स्कूटरच्या डिकीत मावेल आणि तांबड्या चिखलात पडलं तर रात्रभर झोप उडणार नाही, असं काहीतरी हवं होतं. पंधरा इंची लॅपटॉप घरी आहे. तो टेबलावरनं हलत नाही, आणि हलवला तर माझी पाठ हलते.

तर हा ११.६ इंची, वजन सव्वा किलोच्या आत. आत सेलेरॉन एन४०२०, म्हणजे दोन कोअरचा साधा प्रोसेसर. चार जीबी रॅम आणि फाइली ठेवायला ६४ जीबीची ईएमएमसी चिप, दोन्ही बोर्डावर डाखलेले, म्हणजे पुढं वाढवायची सोयच नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही. या किमतीत सगळ्यांच्या आत जवळपास हेच असतं, फक्त झाकण बदलतं.

आता हलशी. भूवराह नरसिंहाचं देऊळ ज्यांनी बघितलंय त्यांना माहीत असेल, दोन गाभारे समोरासमोर आहेत आणि आत उजेड म्हणाल तर समईपुरता. कदंबांच्या काळातला वराह, पृथ्वीला उचलून धरलेला. मी संध्याकाळी पोचले, खांबाला टेकून चाळीसेक फोटो काढले, शटर सेकंदाच्या १/८ वर, म्हणजे बरंच हळू. कॅमेऱ्याच्या तीन इंची पडद्यावर सगळे कसे खणखणीत दिसत होते. खुशीत नंदगडला मावशीच्या नणंदेकडं मुक्कामाला गेले. जेवण झाल्यावर कार्ड लॅपटॉपला लावलं, एक फोटो शंभर टक्क्यांवर मोठा केला, तर वराहाचा सुळा दुहेरी. दुसरा, तोही तसाच. चाळीसपैकी एकतीस हललेले. उरलेल्या नवांत चार ठिकाणी फोकस मागच्या प्रभावळीवर.

तीन इंचांचा पडदा असाच फसवतो. त्यावर अख्खा फोटो इतका आक्रसून दिसतो की थोडी हालचाल दिसतच नाही. कॅमेऱ्यावरही फोटो मोठा करून बघता येतो, पण देवळात पुजारी कुलूप घेऊन उभे असताना चाळीस फोटो कोण बघत बसणार?

मी तोंड पाडून बसले होते. त्या घरच्या मावशी म्हणाल्या, "देव कुठं पळून जातोय होय? सकाळी परत जा." गेले. या वेळी आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची कॅमेऱ्याची क्षमता, ३२०० केला, कॅमेरा उंबऱ्यावर बॅगेत रुतवून ठेवला, दोन सेकंदांचा टायमर लावला. तेवढ्यासाठी हा लॅपटॉप घेतला, असं मी आता सरळ सांगते. घरी येऊन आठवड्यानं कळलं असतं तर पुन्हा तो रविवार कुठला?

गोकाकलाही तसंच. घटप्रभा ५२ मीटरवरून कोसळतेय, पावसाळ्यातलं गढूळ लाल पाणी, वर फिकट आभाळ. रात्री लॉजवर बघते तर प्रत्येक आभाळात डाव्या कोपऱ्यात एकाच जागी काळपट ठिपका. सेन्सरवर धूळ. एफ/१६ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक करून, काढले की धुळीचा ठिपका ठसठशीत उमटतो, एवढं मला पाठ होतं, पण कॅमेऱ्यावर दिसला नव्हता. सकाळी ब्लोअरनं झटकला आणि पुन्हा झुलत्या पुलाकडं गेले.

फोटो उतरवून घ्यायची माझी रीत सांगते, कारण इथं या लॅपटॉपची खोड आहे. आत कार्डाची खाच आहे ती मायक्रोएसडीची, कॅमेऱ्याचं मोठं कार्ड तिथं जात नाही. म्हणजे रीडर वेगळा घ्या. यूएसबीच्या खाचा दोन, त्यातली एकच निळी, म्हणजे वेगाची. म्हणून रीडर निळ्या खाचेत लावायचा, कार्ड आधी लॅपटॉपवर घ्यायचं, मग रीडर काढून तिथं बाहेरची एसएसडी लावायची आणि दुसरी प्रत तिच्यावर. सहाशे रॉ फोटो (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइली) म्हणजे माझ्या कॅमेऱ्याचे साधारण १५ जीबी. निळ्या खाचेतनं चहा होईतोवर उतरतात. दुसऱ्या खाचेत लावलंत तर चहा, भाकरी आणि मावशीच्या सुनेची तक्रार, सगळं ऐकून होतं. दोन प्रती झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही, आणि 'कट'ला हात लावायचा नाही, कायम 'कॉपी'. एकदा माझं कार्ड मध्येच मेलंय. भाचीच्या बारशाचे फोटो गेले ते गेलेच.

सोबत आलेली ऑपरेटिंग सिस्टम तीन महिन्यांत ६४ जीबी भरून बसली. अपडेटला जागा नाही म्हणून रोज रडगाणं. भाच्यानं एका दुपारी लिनक्स मिंट टाकून दिलं, एक्सएफसीई वालं, हलकं. आता चाळीस जीबी मोकळी राहते, एक भरलेलं ३२ जीबीचं कार्ड सुखानं मावतं. फोटो बघायला जीकी नावाचं सॉफ्टवेअर वापरते. रॉ फाइलच्या पोटात कॅमेऱ्यानं ठेवलेला जेपेग असतो, तोच ते काढून दाखवतं, त्यामुळं सेलेरॉन असूनही बाण दाबला की पुढचा फोटो हजर. निवड करायला एवढं बास.

एडिटिंग? नका करू. मी केलंय म्हणून सांगते. डार्कटेबल या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एक रॉ उघडायला वीसेक सेकंद, एक्स्पोजरची पट्टी जरा सरकवली की चित्र विचार करत बसतं, आणि फोटो बाहेर काढायला दीड मिनिट. चाळीस फोटोंना एक तास. तेवढ्या वेळात बेळगावहून खानापुरात येऊन होतं.

आणि पडदा. या लॅपटॉपचं खरं दुखणं पडदा आहे, प्रोसेसर नव्हे. १३६६ बाय ७६८, म्हणजे जेमतेम दहा लाख ठिपके. २४ मेगापिक्सेलचा फोटो शंभर टक्क्यांवर नेला की त्याचा साधारण तेविसावा भागच समोर दिसतो, बाकी सरकवत बसायचं. ते चालतं. चालत नाही तो रंग. टीएन जातीचं स्वस्तातलं पॅनेल आहे, मान जरा वर-खाली केली की काळोख राखाडी होतो. सौंदत्तीला माघी पौर्णिमेच्या यात्रेत, भरत हुण्णिमेला, मी भंडाऱ्याचे फोटो काढले. हवेत उधळलेली हळद, बायकांच्या कपाळावर हळद, पायऱ्या पिवळ्याधमक. याच्या पडद्यावर ती लिंबासारखी दिसली. मी शहाणपणा करून जरा लालसर केली आणि बेळगावच्या लॅबमध्ये बारा प्रिंट काढायला दिले. लॅबवाले अण्णा पाकीट देताना म्हणाले, "मॅडम, इदेनु, कुंकू की अरिशिण?" म्हणजे हे काय, कुंकू की हळद? प्रिंट शेंदरी झाले होते. बाराच्या बारा. तेव्हापासून या पडद्यावर रंगाला हात लावत नाही. उजेड कमी-जास्त झालाय का ते हिस्टोग्रामवर, म्हणजे उजेडाच्या आलेखावर, बघते, रंग घरी.

एक गोष्ट मात्र मनापासून आवडली: याला पंखा नाही. आमच्याकडची तांबडी माती उन्हाळ्यात पिठासारखी उडते, भाच्याच्या लॅपटॉपच्या पंख्यातनं वर्षाला चमचाभर निघते. इथं आत जायला वाटच नाही. रात्री परक्या घरात सगळे झोपल्यावर बसलं तरी आवाज नाही. तासाभरानं तळ कोमट होतो, एवढंच.

चार्जर गोल पिनेचा आहे, मोबाइलचा चालत नाही, पॉवर बँक चालत नाही. जुलैत कणकुंबीला गेले होते, मलप्रभेच्या उगमाकडं. तिथला पाऊस म्हणजे थांबायचं नाव नाही. लॅपटॉप दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, वर टॉवेल, डिकीत कोरडा ठणठणीत. आणि चार्जर खानापुरात टेबलावर. वर वीजही गेलेली. माझ्याकडं बॅटरी साडेचार तास टिकते, त्यात दोन रात्री काढल्या: फक्त कॉपी, दहा मिनिटं बघणं, बंद. आता चार्जर किल्ल्यांच्या शेजारी टांगते. नवीन घेणाऱ्यानं यूएसबी-सीवर चार्ज होणारा आहे का, हे दुकानात आधी विचारावं.

कुणी विचारलंच तर: फक्त जेपेग काढत असाल तर हा घेऊ नका, मोबाइलला ओटीजी जोडणीनं कार्ड रीडर लावा, काम होतं. रॉ काढत असाल आणि घरी धड मॉनिटर असेल तर घ्या. भाचा अजून म्हणतो की याच पैशात ऑफिसातनं निघालेला साडेबारा इंची जुना लॅपटॉप आला असता, आठ जीबी रॅमचा, एसएसडी बदलता येणारा. त्याचं खरं आहे. फक्त त्याची बॅटरी आधीच कुणीतरी वापरून दमवलेली असते, आणि मला बॅटरीच लागते. लॅपटॉपवर रीडर आणि ५०० जीबीची एसएसडी धरून माझे सगळे मिळून सव्वीस हजारांच्या आसपास गेले.

स्पेसबार गेल्या महिन्यापासून अडकतो. खाली कुंद्याचा, आमच्या बेळगावी मिठाईचा, कण आहे, माझ्याच हातनं पडलेला. फोटो बघायला बाणांची बटणं लागतात, ती चालू आहेत.