पाण्यातली कीटकनाशकं: नुसता निकाल घ्यावा की गुणवत्तेच्या नोंदींसह?

ग्रामपंचायतीच्या विहिरीचं किंवा सोसायटीच्या बोअरचं पाणी कीटकनाशकांसाठी तपासायचं ठरलं, की साधारण दोन तऱ्हेची कोटेशन्स येतात. एकात फक्त निकालाचा कागद. दुसऱ्यात निकालासोबत ब्लँक, रिकव्हरी आणि ड्युप्लिकेटच्या, म्हणजे प्रयोगशाळेनं स्वतःचं मोजमाप तपासल्याच्या नोंदी, आणि दर चढा. माझं मत दुसऱ्याच्या बाजूचं आहे. पैसे कमी पडत असतील तर नमुने कमी द्या, पण नोंदी सोडू नका.

गोम 'आढळले नाही' या शेऱ्यात आहे. आयएस 10500 या भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाची मर्यादा लिटरला 30 मायक्रोग्रॅम, तर ऑल्ड्रिन-डिल्ड्रिनची 0.03. प्रयोगशाळेला 0.1 च्या खालचं खात्रीनं मोजता येत नसेल, तर तिचा हा शेरा क्लोरपायरीफॉससाठी चालेल. ऑल्ड्रिनसाठी त्याला काडीचा अर्थ नाही. मोजमापाची ही खालची हद्द, म्हणजे एलओक्यू, नुसत्या निकालाच्या कागदावर नसेल तर तुम्हाला हे कळणार कसं?

रिकव्हरी म्हणजे पाण्यात ठरावीक मात्रा मुद्दाम घालून ती किती परत सापडते ते पाहणं. 70 ते 120 टक्के सहसा मान्य धरतात. 0.10 घातलं आणि 0.04 च सापडलं, तर तुमच्या विहिरीचा आकडाही तितकाच खाली आलेला असू शकतो. ब्लँक उलटी चूक पकडतो: शुद्ध पाण्यातही कीटकनाशक दिसलं, तर दोष काचसामानाचा किंवा तपासणीत वापरलेल्या सॉल्व्हंटचा, म्हणजे द्रावकाचा. ड्युप्लिकेट म्हणजे तोच नमुना दोनदा तपासणं. त्यानं आकडा पुन्हा तोच येतो का ते कळतं.

प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएलचा शिक्का दोन्ही कागदांवर असू शकतो. तो फक्त पीएच आणि कठीणपणापुरताही असतो, म्हणून मान्यतेच्या व्याप्तीत तुम्हाला हवं ते कीटकनाशक नावानिशी आहे का, ते बघाच. ग्लायफोसेट हे तणनाशक तर नेहमीच्या एकत्रित चाचणीत येतच नाही, ते वेगळं सांगावं लागतं.

खूप विहिरींची प्राथमिक चाळणी करायची असेल तर स्वस्त पर्याय चालेल, पण एलओक्यू लेखी घेऊनच. आणि बाटली कोण देणार, हे आधी विचारा. गडद काचेची हवी, प्लॅस्टिकला काही कीटकनाशकं चिकटून बसतात. नळाचं क्लोरीनयुक्त पाणी असेल तर बाटलीत क्लोरीन निष्प्रभ करणारं सोडियम थायोसल्फेट लागतं. नाहीतर क्लोरपायरीफॉसचं वाटेतच ऑक्सॉन नावाचं जास्त विषारी संयुग होतं आणि अहवालात क्लोरपायरीफॉस 'आढळत नाही'.