एका साध्या शिपायाची फाइल (नॅशनल आर्काइव्ह्ज ऑफ ऑस्ट्रेलिया, रेकॉर्डसर्च)

आमच्या सबर्बच्या बागेत पहिल्या महायुद्धात गेलेल्या पोरांच्या नावांचा एक दगडी खांब आहे, रोज त्याच्या बाजूनं वॉकला जातो पण कधी थांबून वाचलं नव्हतं. यंदा ॲन्झॅक डेच्या (इथला सैनिकांचा स्मृतिदिन) सुट्टीत त्यातलं एक नाव सहज रेकॉर्डसर्चमध्ये, म्हणजे राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ऑनलाइन शोधात टाकलं आणि वाचता वाचता रात्रीचा एक वाजला. पैसे नाहीत, लॉगिन नाही, नाव टाकायचं आणि बी२४५५ सिरीजमधली (पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या फाइली) फाइल उघडायची, सगळी पानं स्कॅन केलेली.

माझा माणूस इन्फंट्रीतला साधा प्रायव्हेट, शौर्यपदक वगैरे काही नाही. पहिल्या पानावर उंची, वजन, छाती, डोळ्यांचा रंग, धर्म... आपल्या लग्नाच्या बायोडेटात पण एवढं नसतं! वय १९, म्हणून सोबत आईवडलांची संमती, २१ च्या आतल्यांना ती लागायचीच. भरती सगळी स्वखुशीची बरं का, सक्ती करायची का म्हणून १९१६ आणि १९१७ ला दोनदा मतदान घेतलं आणि दोन्ही वेळा लोकांनी नाही म्हटलं. पगार दिवसाला सहा शिलिंग, त्यातला एक सैन्यातून सुटका झाल्यावर मिळणार.

खरा मसाला कॅज्युअल्टी फॉर्ममध्ये. नावावरून वाटतं फक्त जखमांची नोंद असेल, पण बदली, आजारपण, शिक्षा सगळं तिथंच. तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या लढाईत 'जीएसडब्ल्यू', म्हणजे गोळीची जखम, पण तोफगोळ्याचा तुकडा लागला तरी बरेचदा हेच लिहायचे. मग इजिप्तमध्ये गालगुंड. मग 'एडब्ल्यूएल', साहेब दोन दिवस न सांगता गायब, पगार कापला (हे वाचून मला तो एकदम आवडायला लागला). आणि मग जुलै १९१६, फ्रान्स, मारला गेला. एक ओळ, त्याच कारकुनी अक्षरात. कुठं, कसं, काही नाही. त्यासाठी ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलच्या साइटवर त्याच्या बटालियनची युद्धातली डायरी उघडली, ती पण फुकट, तेव्हा कळलं पोझिएर. त्या एका गावापायी दीडेक महिन्यात ऑस्ट्रेलियाचे २३,००० मेले नाहीतर जखमी झाले.

अक्षर लावायला वेळ लागतो, झूम करून बसायची तयारी ठेवा. आणि फाइलची शेवटची पानं चुकवू नका. तिथं आईची पत्रं आहेत मेलबर्नच्या बेस रेकॉर्ड्स ऑफिसला. त्याच्या सामानाच्या पार्सलमध्ये पाइप, पाकीट, फोटो आले, घड्याळ का नाही आलं. १९२१ च्या पत्रात विचारते, थडगं सापडलं का. सापडलं नाहीच, त्याचं नाव फ्रान्समधल्या व्हिलर्स-ब्रेटोनोच्या स्मारकावर आहे आणि ते उघडलं १९३८ ला.

पाच स्टार. प्रिंट मात्र घरीच काढा, मी एका दुकानात दिली तर त्यांनी समास नीट दिसावा म्हणून कडेच्या तारखाच कापल्या.