शाळेसाठी टॅबलेट, क्रोमबुक की लॅपटॉप?

शाळेसाठी संगणक घ्यायचे ठरले की चर्चा बहुधा किमतीपासून सुरू होते आणि मुले त्यावर नेमके काय करणार, हा प्रश्न खरेदी झाल्यावर पुढे येतो. हा क्रम उलटा करावा, कारण टॅबलेट, क्रोमबुक (गूगलच्या प्रणालीवर चालणारा लॅपटॉपसारखा संगणक) आणि लॅपटॉप यांच्यातला महत्त्वाचा फरक मुलाला त्यावर किती लिहिता आणि घडवता येते, हा आहे.

लहान वर्गांसाठी टॅबलेट उजवा ठरतो. तो चालू करायला शिकवावे लागत नाही, उगवत्या रोपाची रोज छायाचित्रे घेता येतात आणि स्वतःचे वाचन ध्वनिमुद्रित करून पुन्हा ऐकता येते. मात्र सातवीतल्या विद्यार्थ्याला त्यावर दोन पानी निबंध लिहायला सांगून त्याच्या शेजारी थोडा वेळ उभे राहावे. काचेवर उमटलेला कळफलक जवळजवळ अर्धी जागा व्यापतो, स्वतःच्या लेखनाच्या मोजक्याच ओळी नजरेसमोर राहतात, मागचा परिच्छेद पाहण्यासाठी बोट फिरवावे तर कर्सर भलतीकडेच जाऊन बसतो, आणि हळूहळू मूल वाक्येच आखूड करू लागते. वेगळा कळफलक जोडून ही अडचण दूर होते खरी, पण मग टॅबलेटचा स्वस्तपणा आणि सुटसुटीतपणाही बराचसा जातो. लॉस एंजेलिसच्या शाळांमध्ये २०१३ साली आयपॅड वाटले गेले, तेव्हा कळफलकांचा वाढीव खर्च हा वादाचा एक विषय होता. विद्यार्थ्यांनी काही आठवड्यांतच आयपॅडच्या वापरावर घातलेली बंधने ओलांडली, हा दुसरा.

क्रोमबुक २०११ पासून विक्रीस आहे. त्यावरचे बहुतेक काम ब्राउझरमध्ये चालते आणि इंटरनेटवर साठवले जाते, त्यामुळे एक यंत्र बंद पडले तरी विद्यार्थी दुसऱ्यावर आपल्या खात्यात शिरून अर्धवट राहिलेल्या वाक्यापासून पुढे लिहू शकतो. शाळेच्या दृष्टीने हा गुण किमतीपेक्षा मोठा आहे. उलटपक्षी, तीस मुले एकदम जोडली गेल्यावर शाळेचे वाय-फाय टिकत नसेल, तर तासाचा बराच वेळ फिरते वर्तुळ पाहण्यात जातो. शिवाय प्रत्येक मॉडेलची सुरक्षा-अद्यतने कधी थांबणार, ती तारीख ठरलेली असते. ही मुदत २०२३ मध्ये दहा वर्षांपर्यंत वाढवण्यात आली असली, तरी ती मॉडेल बाजारात आल्यापासून मोजली जाते, शाळेने घेतल्यापासून नव्हे. म्हणून सवलतीत मिळणारे जुने मॉडेल घेण्याआधी ती तारीख अवश्य पाहावी.

पूर्ण क्षमतेचा लॅपटॉप इंटरनेटवाचूनही चालतो आणि प्रोग्रॅमिंग, चलचित्र-संपादन, आराखडे काढणे अशा कामांसाठी तोच घ्यावा. त्याची देखभाल मात्र जिकिरीची असते, आणि ऐन तासाला अपडेट सुरू झाले की शिक्षकाचा निम्मा वेळ तिथेच जातो.

प्रत्येक मुलाला एक यंत्र द्यावे, की चार्जिंगच्या ट्रॉलीतला एक संच वर्गावर्गांत फिरवावा? ‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ ही शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना २००५ मध्ये मांडली गेली आणि पेरू देशाने ती मोठ्या प्रमाणावर राबवली. तेथील ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गणित आणि भाषेच्या गुणांत सुधारणा आढळली नाही, सर्वसाधारण आकलनक्षमतेत मात्र काहीसा लाभ दिसला. अमेरिकेच्या मेन राज्याने २००२ मध्ये सातवीच्या विद्यार्थ्यांना लॅपटॉप दिले, तेव्हा शिक्षकांच्या प्रशिक्षणालाही योजनेत जागा ठेवली होती, आणि माझ्या मते निर्णय घेताना हाच भाग सर्वांत आधी तपासावा. शिक्षकांची तयारी नसेल, तर ट्रॉलीने सुरुवात करणेच शहाणपणाचे.

ट्रॉलीचेही स्वतःचे गणित असते. पंचेचाळीस वॅटचे तीस चार्जर एकाच वेळी लावले की भार १३५० वॅटपर्यंत जातो. वर्गातल्या एका साध्या एक्स्टेन्शन बोर्डावर तो टाकू नये. ट्रॉलीची किल्ली कोणाकडे राहणार आणि सैल झालेले चार्जिंगचे तोंड कोण दुरुस्त करणार, हेही नावानिशी ठरवावे लागते.

मी स्वतः वरच्या वर्गांसाठी तीस क्रोमबुकांची एक ट्रॉली, त्यांखेरीज दोन-तीन राखीव यंत्रे, आणि खालच्या वर्गांसाठी आठ-दहा टॅबलेट, अशी सुरुवात करीन. मागणी नोंदवण्यापूर्वी तिन्ही प्रकारांचे एकेक यंत्र पंधरा दिवस वापरायला मागून घ्यावे आणि एकाच विद्यार्थ्याला तिन्हींवर सारख्याच लांबीचा गृहपाठ करायला द्यावा.