स्विमिंग पूलमध्ये पाणी किती? टेप लावायची की मीटर बघायचा

लांबी गुणिले रुंदी गुणिले सरासरी खोली हे गणित सगळ्यांना येतं, त्यामुळे त्यात शिरत नाही. मी दोन्ही करून बघितलंय, आधी टेपने मोजलं आणि नंतर पूल भरताना पाण्याच्या मीटरवरून.

टेपचं बरं असं की पूल भरलेला असला तरी चालतं, थोड्या वेळात आकडा हातात. फक्त खोली काठापासून नाही, पाण्याच्या रेषेपासून मोजा. पाणी काठाच्या 15 सेंमी खाली असेल तर आमच्या 10 बाय 5 मीटरच्या पूलमध्ये तिथेच 7500 लिटर जास्त धरले जातात.

पण मला खरा वैताग दिला तो तळाच्या उताराने. उथळ बाजू 1 मीटर, खोल बाजू 2, म्हणून सरासरी दीड धरली आणि 75,000 लिटर काढले. त्या हिशेबाने क्लोरीन टाकायचो आणि टेस्ट किटमध्ये रंग दरवेळी हवा त्यापेक्षा गडदच यायचा, म्हणजे क्लोरीन जास्त, मला वाटायचं किटच खराब आहे. मग साफसफाईला पूल रिकामा केला, आत उतरलो तर पहिले 6 मीटर तळ सपाट, मग 2 मीटरमध्ये एकदम उतार आणि शेवटचे 2 मीटर पूर्ण खोल! भरताना बाकीचे सगळे नळ बंद ठेवून मीटरचं आधीचं-नंतरचं रीडिंग लिहिलं, तर साधारण 65 युनिट, म्हणजे 65,000 लिटर. तळाचे तीन तुकडे पाडून टेपने केलं तरी तेवढेच येतात, पण भरलेल्या पूलमध्ये तळ आहे त्यापेक्षा वर दिसतो, उतार नेमका कुठून सुरू होतो ते वरून कळणार कसं?

तुमचा पूल चौकोनी, तळ सपाट किंवा एकसारखा उतरता असेल तर टेप पुरेशी आहे, माझं काही म्हणणं नाही. रोजच्या भरतीलाही टेपच बरी, आमच्याकडे पातळी 1 सेंमी उतरली की 500 लिटर लागतात, बाष्पीभवन असो की बॅकवॉश (फिल्टर उलट्या पाण्याने धुणं). आणि निव्वळ मीटर बघायला म्हणून पूल रिकामा करू नका, जमिनीखाली पाणी वर असेल तर रिकामा पूल खालून उचलला जाऊ शकतो. पण वेडावाकडा आकार असेल किंवा तळाची खात्री नसेल तर मला तरी मीटरच पटतो. एरवीही कधी भरायची वेळ आली तर नळ सोडायच्या आधी मीटरचा एक फोटो काढून ठेवा.